डिझेल पिकअपला बाहेरचा एक्झॉस्ट बसवल्यावर: केबिनमध्ये घूंऽऽ, सारखं रिजन आणि बसलेली उचल

घाटमाथा
गाडी इसुझू व्ही-क्रॉस १.९, बीएस६, ऑटोमॅटिक. इंजिन, ईसीयू (इंजिनचा संगणक), टर्बो सगळं कंपनीचं. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) मागचा पूर्ण एक्झॉस्ट पुण्यात एका फॅब्रिकेटरकडून बदलून घेतला. ३ इंची एसएस पाइप, आरपार सायलेन्सर, मधला रेझोनेटर काढून टाकलाय. तोंड मागचा एक्सल ओलांडल्यावर हौद्याखालीच संपतं, बंपरपर्यंत आणलेलं नाही. डीपीएफ आणि सगळे सेन्सर जागेवर आहेत.

तक्रारी अशा:
१. १८०० ते २००० आरपीएमला केबिनमध्ये घूंऽऽ असा दाब. हायवेवर नेमकं तिथेच इंजिन चालतं.
२. रिजन (डीपीएफमधली काजळी जाळून टाकणं) आधी ३५०-४०० किमीला व्हायचं, आता १२०-१३० ला.
३. खालून उचल बसलीय. कधी बरी, कधी अगदी मेलेली.
४. सकाळी थंड इंजिनला टक-टक-टक. दहा मिनिटांत बंद. मागची काच उघडली की धुराचा वास.
५. मागे माल भरून खड्ड्यात गेली की खालून धाड् असा आवाज.

इंजिनचा दिवा लागलेला नाही. फॅब्रिकेटर म्हणतो "बॅकप्रेशर कमी झालं म्हणून उचल गेली, मध्ये अडथळा टाकून देतो". टाकू का?

टर्बो_तात्या
अजिबात टाकू नका. टर्बो डिझेलमध्ये टर्बाइनच्या मागे जितका दाब कमी तितकं टर्बाइनला चांगलंच. टर्बाइनच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर ती फिरते, मागचा दाब वाढवून ती जोरात कशी फिरेल? बॅकप्रेशरचं (एक्झॉस्टमधल्या उलट दाबाचं) हे सूत्र जुन्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनांवरून उचललेलं आहे. तिथेही ते अर्धवटच खरं.

दुसरं म्हणजे तुमचा डीपीएफ जागेवर आहे. या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा तोच. त्याच्या मागचा पाइप ३ इंची केला काय नि ४ इंची केला काय, स्टॉक मॅपवर (ईसीयूच्या कंपनी सेटिंगवर) ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, वाढण्याचाही नाही आणि घटण्याचाही नाही. आवाज तेवढा बदलतो. म्हणजे उचल गेली असेल तर ती पाइपाच्या मापामुळे गेलेली नाही. बसवताना काय हललं, काय सुटलं, काय तापलं ते शोधा.

उचलीसाठी आधी मोजमाप करा. ओबीडी अॅपवर चार गोष्टी एकाच वेळी रेकॉर्ड करा: ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), मिळालेला बूस्ट, डीपीएफचा दाबफरक आणि डीपीएफपुढचं तापमान. मोकळ्या चढावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरून १५०० पासून ३५०० पर्यंत पाय पूर्ण दाबून एकदा घ्या. मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या मागोमाग चढत असेल तर टर्बो, इंटरकूलरच्या नळ्या आणि व्हेनचा अॅक्च्युएटर यांना हात लावू नका. तो मागेच राहिला तर आज ना उद्या पी०२९९ (बूस्ट कमी) हा कोड येईल. मग इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प आणि मॅनिफोल्ड-टर्बोमधलं पॅकिंग बघायचं. टर्बोच्या आधी गळती असेल तर तिथे काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसतो आणि जोर दिल्यावर शिट्टी वाजते.

"कधी बरी, कधी मेलेली" यावरून मला वाटतं मेलेली असते तेव्हा रिजन चालू असतं. रिजनमध्ये थ्रॉटल फ्लॅप अंशतः मिटतो, इंजेक्शनचं वेळापत्रक बदलतं, गाडी जड लागतेच. रिजन तिप्पट वेळा होत असेल तर जडपणाही तिप्पट वेळा जाणवणार.

काजळी_नळी
तात्यांशी सहमत. माझा संशय दाबफरकाच्या सेन्सरच्या नळ्यांवर आहे. त्या नळ्या बिघडल्या तरी दिवा लागेलच असं नाही, म्हणून लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत.

त्या सेन्सरला दोन नळ्या असतात, एक डीपीएफच्या आधीची आणि एक नंतरची. दोन्हींतल्या दाबाच्या वजाबाकीवरून ईसीयू काजळीचा अंदाज बांधतो.

मागची नळी फुटली किंवा निसटली, तर ईसीयूला मागचा दाब हवेच्या दाबाइतका दिसतो. सायलेन्सरचा जो काही दाब आहे तो वजा होत नाही, फरक फुगतो, ईसीयूला वाटतं डीपीएफ भरला. मग रिजन वारंवार. तुमची तक्रार हीच आहे.

पुढची नळी फुटली तर नेमकं उलटं. फरक कमी दिसतो, ईसीयू डीपीएफ रिकामा समजून निवांत बसतो आणि आत काजळी साठत जाते. हे जास्त धोक्याचं. नंतर कधीतरी खूप भरलेल्या काजळीला एकदम आग लागली की आतली जाळी तडकते.

दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर आकडा उणे येतो आणि पी२४५३ सारखा दाबफरक-सेन्सरचा कोड लवकर पडतो. म्हणजे तुमच्याकडे अदलाबदल नसावी.

तपासणी अशी करा:
इंजिन बंद, चावी ऑन. फरक शून्याच्या आसपास हवा. इथेच १ किलोपास्कल वगैरे दिसत असेल तर सेन्सर सरकलाय किंवा नळीत पाणी अडकलंय.
गरम इंजिन आयडलवर: स्वच्छ डीपीएफला साधारण १ किलोपास्कलच्या आत.
मग दोन्ही नळ्या सेन्सरकडून काढा आणि एकेकीत तोंडाने फुंका. हवा सहज गेली पाहिजे. नळी दुमडून तडे बघा, विशेषतः धातूच्या नळीवर रबर चढतं त्या टोकाला. बाजारातली साधी व्हॅक्युम नळी लावू नका, तापमानाने ती आठवड्यात चिकट होते. कंपनीची घ्या किंवा आतून फ्लोरो थर असलेली सिलिकॉन नळी घ्या.
बसवताना नळीचा उतार सेन्सरकडून पाइपाकडे सतत हवा, मध्ये झोळ नको. झोळात पाणी साचतं आणि आकडे नाचायला लागतात.

आणि खाली वाकून एवढं बघा: डीपीएफच्या शेपटीवरची पत्र्याची उष्णता-ढाल आहे का अजून? फॅब्रिकेटर लोक "खडखडतंय" म्हणून ती काढून ठेवतात. रिजनमध्ये डीपीएफ ५५० ते ६५० अंशांना जातो. शेजारची रबरी नळी, वायरिंगची जाळी, ब्रेकची लाइन यांना ती ढालच वाचवते.

रगेल_राजा
एवढा कुटाणा कशाला. डीपीएफ पोकळ करा, रिमॅप मारा, सगळे सेन्सर बंद. गाडी पळते बघा. आख्ख्या कोल्हापुरात हेच चालतं.

टर्बो_तात्या
राजे, चालतं म्हणून चालवायचं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीपासून असा बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम १९० (२) वेगळं आहे, त्यात १०,००० पर्यंत. पीयूसीला बीएस६ डिझेलसाठी धुराचा आकडा ०.७ च्या आत लागतो, पोकळ डीपीएफवर चढाला पाय दाबला की काळा ढग. अपघाताच्या क्लेमला सर्व्हेयरने खाली वाकून बघितलं तर तुमची बाजू लंगडी पडते.

घाटमाथा यांचा सायलेन्सरसुद्धा कायद्याच्या नजरेत सुरक्षित नाही, हेही सांगून ठेवतो. कंपनीचा जुना सेट भंगारात देऊ नका. पासिंगला, सर्व्हिसला आणि गाडी विकताना तो लागतो.

डीपीएफ काढण्याची चर्चा या धाग्यावर इथेच थांबवू.

आर्गॉन
थंडीत टक-टक आणि गरम झाल्यावर बंद, म्हणजे फ्लँजची गळती. धातू फुगला की फट मिटते. डीपीएफचं मागचं तोंड आणि नवा पाइप यांचा सांधा आधी धरा. तिथे बहुतेक जुनंच पॅकिंग परत टाकलेलं असणार. ही पॅकिंगं एकदाच दबतात, दुसऱ्यांदा धरत नाहीत.

गळती शोधायला इंजिन पूर्ण थंड हवं. व्हॅक्युम क्लीनरचा पाइप फुंकण्याच्या बाजूला लावा, चिंधी गुंडाळून टेलपाइपात बसवा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसतील तिथे गळती. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका, सेन्सर आणि टर्बोच्या सीलला तो दाब झेपत नाही.

दुरुस्ती: दोन्ही फ्लँज सपाट आहेत का ते स्टीलच्या पट्टीने बघा. वेल्डिंग करताना पातळ फ्लँज केळ्यासारखी वाकते. ८ मिमी जाडीची वाकत नाही, ५-६ मिमीची हमखास. वाकली असेल तर पॅकिंगवर पॅकिंग चढवून उपयोग नाही, फ्लँज घासून घ्यावी लागते. एम८ स्टडला २०-२५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४०-५०. नट तांब्याचा मुलामा दिलेले नवीन. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क द्या.

सिलिकॉन किंवा एक्झॉस्टची लेप-पुटी डीपीएफच्या आधीच्या कुठल्याही सांध्यावर लावू नका. वाळलेला तुकडा सुटला तर तो डीपीएफच्या तोंडावर जाऊन बसतो. मागे, सायलेन्सरच्या घट्ट बसणाऱ्या सांध्यावर चालेल.

बसवायचा क्रम बऱ्याच जणांचा चुकतो. आधी सगळे नट हाताने, सैल. मग सगळे रबर हँगर लावा, पाइप स्वतःच्या वजनाने लटकू द्या, आणि मग इंजिनाकडून मागे येत घट्ट करा. मागून पुढे घट्ट करत आलात तर सगळा ताण लवचीक बेलोजवर येतो. बेलोज सरळ हवा, ना ताणलेला, ना दाबलेला, ना पिळलेला. पिळलेला असेल तर जाळी सहा महिन्यांत फुटते, आणि बेलोजच नसेल तर टर्बोकडचा वेल्ड तडकतो, कारण इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि पाइप हलत नाही.

"एसएस" म्हणजे नेमकं काय दिलंय तेही बघा. चुंबक सरळ पाइपाला चिकटला तर ४०९ प्रतीचं स्टील किंवा साधं लोखंड, नाही चिकटला तर ३०४ प्रतीचं. वाकवलेल्या भागावर ३०४ सुद्धा थोडं चिकटतं, तिथे तपासू नका. ४०९ वाईट नाही, वरून तांबूस होतं पण टिकतं. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र ३०४ घ्यावं. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल तार, ३०४ ला लोखंडी फ्लँज जोडताना ३०९एल. नाहीतर वेल्डच्या कडेने गंज धरतो. जीआय (जस्त चढवलेला) पाइप कोणी लावत असेल तर तिथून उठा, जस्ताचा धूर वेल्डरलाही वाईट.

पाटे_आणि_शॅकल
धाड् या आवाजाबद्दल. पिकअपला मागे पाटे आणि सलग एक्सल, माल भरला की हाउसिंग (एक्सलचं कवच) बरंच वर येतं. रिकाम्या गाडीला लिफ्टवर बसवलेला पाइप तिथे आपटतो. लिफ्टवर चाकं लटकत असतात, म्हणजे एक्सल सगळ्यात खाली, त्या वेळी जागा भरपूर दिसते आणि फॅब्रिकेटर खुश.

मोजायची पद्धत: चेसी घोडीवर घट्ट ठेवा, एक्सलखाली जॅक लावून बंप-स्टॉप चेसीला टेकेपर्यंत वर घ्या. त्या स्थितीत पाइप आणि हाउसिंगमध्ये किमान ४० मिमी हवेत. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की हाउसिंग तिरकं उठतं. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा रबरी होज, शॉकअबसरचं खालचं टोक आणि स्टेपनी, या चारांपासूनचं अंतरही त्याच वेळी बघा. स्टेपनी हौद्याखाली असते आणि पाइप तिच्या कडेने गेलेला असेल तर रिजनमध्ये टायरचं रबर भाजतं, वास येईपर्यंत कळत नाही.

थंड असताना मोकळा आणि गरम झाल्यावर टेकणारा पाइपही असतो. ३०४ चा ३ मीटर पाइप २०० अंशांनी तापला की साधारण १० मिमी लांबतो. तेवढी ढील हँगरना मागच्या दिशेने हवी.

वासाचं कारण तोंडाची जागा. चालत्या पिकअपच्या हौद्यामागे आणि केबिनच्या मागच्या काचेपाशी हवेचा दाब कमी असतो, खाली सोडलेला धूर तिथे ओढला जातो. तोंड बॉडीच्या कडेबाहेर काढा आणि किंचित खाली वळवा. पाट्याच्या बुशवर किंवा टायरवर झोत नको. रिजनमध्ये गाडी वाळक्या गवतात उभी करू नका, हे फेब्रुवारी ते मेमध्ये पठारांवर जाणाऱ्यांसाठी.

कंपनसंख्या
घूंऽऽ चं गणित सोपं आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमध्ये दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे कंपनसंख्या = आरपीएम भागिले ३०. १९०० ला ६३ हर्ट्झ. आरपार सायलेन्सरमधली काचेची लोकर वरचे आवाज खाते, ६० हर्ट्झला तिचा काही उपयोग नाही. तुम्ही काढलेला रेझोनेटर याच कामाचा असतो. पहिला आणि स्वस्त उपाय: तो परत लावा.

तरी राहिलं तर बंद शाखा, म्हणजे पाव-तरंग नळी. मुख्य पाइपाला काटकोनात एक पाइप जोडायचा, त्याचं दुसरं टोक बंद. लांबी = ध्वनीचा वेग भागिले (४ गुणिले कंपनसंख्या). शाखेत वायू वाहत नाही म्हणून तो मुख्य पाइपापेक्षा थंड असतो, सव्वाशे अंशाला वेग ४०० मीटर प्रतिसेकंद धरा. ४०० भागिले (४ × ६३.३) = १.५८ मीटर.

हॅचबॅकखाली एवढी जागा नसते, पिकअपला चेसीच्या कडेने मिळते. माप मुख्य पाइपाइतकंच ठेवा, निदान अडीच इंच. सुरुवातीला १.६५ मीटर कापा आणि टोकाला क्लॅम्पने बसणारी टोपी लावा. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अॅपने केबिनमधला शिखर-आकडा बघत ५-५ सेंटीमीटर कमी करा. दर ५ सेंटीमीटरला शांत जागा साधारण ६० आरपीएमने वर सरकते. बरोबर बसलं की मगच टोपी वेल्ड करा. शाखा टेलपाइपच्या तोंडाजवळ जोडू नका, उघड्या तोंडापाशी दाबाचे चढउतार जवळपास नसतातच, तिथे ती मुकी राहते. बंद टोक किंचित वर, म्हणजे पाणी साचणार नाही.

हेही बघा की हँगर पॉलियुरेथेनचे कडक आहेत का. असतील तर साधे रबरी लावा. निम्मी घरघर कधीकधी पाइपातून हवेत न जाता चेसीतून केबिनमध्ये येते.

घाटमाथा
सर्वांचे आभार. गाडी घोडीवर घेऊन बघितलं.

बूस्ट: मागितलेला आणि मिळालेला जवळजवळ एकावर एक. म्हणजे टर्बो ठीक.
उष्णता-ढाल खरंच गायब. दाबफरकाच्या सेन्सरची डीपीएफच्या मागची रबरी नळी नव्या पाइपाला टेकून वितळली आहे, करंगळीच्या नखाएवढं भोक. चावी ऑन, इंजिन बंद असताना दाबफरकाचा आकडा ०. लॉगमध्ये गाडी मेलेली वाटली तेव्हा डीपीएफचं तापमान ६०० च्या वर, म्हणजे रिजनच.
मागच्या फ्लँजवर साबणाचे बुडबुडे, पॅकिंग जुनंच. पाइप आणि हाउसिंगमध्ये बंप-स्टॉपवर १२ मिमी.

एक विचारायचं राहिलं. इतक्या वेळा रिजन झाल्याने इंजिनाला काही?

काजळी_नळी
डिपस्टिक बघा. सकाळी, सपाट जागी. रिजनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेलं काही डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, विशेषतः रिजन अर्धवट राहून गाडी बंद होत असेल तर. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर न बघता ऑइल आणि फिल्टर बदला. थोडं काढून पातळी जुळवायची नाही, कारण राहिलेलं ऑइलही पातळच झालंय. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचं, कमी राखेचंच. जास्त राखेचं ऑइल जळून जी राख डीपीएफमध्ये बसते ती कुठल्याही रिजनने जात नाही.

नळी बदलल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. ईसीयूचा काजळीचा हिशोब जुन्या चुकीच्या आकड्यांवर चाललेला असतो, दोनतीन पूर्ण रिजन होऊ द्या. त्यासाठी गाडी २००० आरपीएमच्या आसपास २०-२५ मिनिटं न थांबता चालवा. अंतर पुन्हा ३०० च्या वर गेलं की सुटलात. नाही गेलं तर डीपीएफच्या आधीच्या तापमान सेन्सरकडे वळा. फॅब्रिकेटरने तो वायरसकट फिरवून काढला असेल तर आतून तुटलेला असतो. कनेक्टर आधी सोडायचा, मग सेन्सर फिरवायचा. आट्यांना निकेलची गरम-रोधक पेस्ट, टोकाला लागू द्यायची नाही.

मालवणी_डिझेल
माझी जुनी बीएस४, २.५ ची गाडी. तिला डीपीएफ नाही. तीवर ३ इंची लावलं तर घाटमाथांसारखं काही होईल काय?

टर्बो_तात्या
तिथे सेन्सरच्या नळ्यांचा प्रश्नच नाही, त्यामुळे निम्मी डोकेदुखी वाचते. घूंऽऽ, एक्सल आणि फ्लँज मात्र तसेच. ३ इंचीची गरज नाही, अडीच इंची, बाक दबलेले नसलेला पाइप पुरतो. दीड मिमी जाडीच्या अडीच इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस सेंटीमीटर भरतं, ३ इंचीचं ४२. पण रस्त्याकडेच्या साध्या बेंडरवर वाकवलेल्या ३ इंचीचा बाक इतका चेपतो की तो फायदा तिथेच संपतो. पैसे मापावर नाही, बाकांवर घाला.

तुमच्याकडची हवा खारी, तेव्हा आर्गॉन यांचं ३०४ आणि ३०९एल चं वाचा. कॅटॅलिटिक काढायला सांगितलं तर नको म्हणा.

आर्गॉन
घाटमाथा, उष्णता-ढाल नवीन घेताना तिचे बोल्ट-वॉशरही घ्या. मोठा वॉशर नसला की पत्र्याचं भोक मोठं होतं, मग ती खडखडते आणि पुढचा मिस्त्री पुन्हा काढून ठेवतो. पाइप हाउसिंगवरून ४० मिमीवर न्यायला पूर्ण नवा नको, एक्सलवरचा तुकडा तेवढा कापून १५ अंशांच्या दोन बाकांनी उचलता येतो. वेल्ड करताना आतून आर्गॉन वायू सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला काळी खरखरीत साय धरते आणि सांधा तिथूनच आधी गंजतो. बॅटरीची उणे तार काढल्याशिवाय गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका, आणि अर्थ क्लॅम्प त्याच पाइपावर, चेसीवर नाही.